सात रात्रींचं क्रीडा शिबिर: आठ वर्षांची मुलगी तयार आहे, हे कसं ओळखायचं?

पत्र: आमची मुलगी साडेआठ वर्षांची आहे. दोन वर्षांपासून फुटबॉल खेळते. तिच्या सरांनी सात रात्रींच्या निवासी शिबिरासाठी तिचं नाव सुचवलंय. "ती अकरा वर्षांच्या मुलींबरोबर खेळते, तिला काही जड जाणार नाही," असं ते म्हणतात. तिच्या दोन मैत्रिणीही जाणार आहेत. दिवसा ती "मला जायचंच आहे" म्हणून उड्या मारते, पण रात्री अंथरुणात "तू पण ये ना" म्हणते. गेल्या वर्षी आजीकडे एकटी राहिली होती, तेव्हा रात्री अकरा वाजता फोन करून तिने बाबांना बोलावून घेतलं. महिन्यातून एक-दोनदा अजून अंथरुणात शू होते. फॉर्म भरायला दोन आठवडे आहेत, शिबिराला नऊ. तिच्या बाबांचं म्हणणं, पाठवू या, एकदा गेली की धीट होईल. माझं मन होत नाही. मुलांना नेमकं कितव्या वर्षी पाठवावं?

उत्तर: नेमकं वर्ष सांगता येत नाही. सात वर्षांचं एखादं मूल आठवडाभर मजेत राहून येतं आणि अकरा वर्षांच्या एखाद्याला तिसऱ्या दिवशी आणायला जावं लागतं. वयापेक्षा जास्त सांगून जातं ते हे, की मूल याआधी घराबाहेर किती रात्री राहिलंय आणि शिबिराला जायचं हे त्याने स्वतः किती ठरवलंय. तुमच्या पत्रात या दोन्हीबद्दल थोडंथोडं आहे, त्यावरच बोलू.

आधी सरांच्या मताविषयी. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. सर तिला मैदानावर पाहतात, बूट बांधून तयार झालेली, आई-बाबा तासाभराने न्यायला येणार हे ठाऊक असलेली. शिबिरात खेळाचे फार तर चार-पाच तास. उरलेल्या वेळात तिला आंघोळ करायची आहे, ओले कपडे वाळत घालायचे आहेत, न आवडणारं जेवण निभावून न्यायचं आहे आणि अनोळखी खोलीत दिवा बंद झाल्यावर झोपायचं आहे. चेंडूवरचा ताबा इथे कामाला येत नाही. खेळात वयापुढे असलेल्या मुलांच्या बाबतीत ही गल्लत नेहमी होते. मोठ्यांबरोबर खेळते म्हणून तिला मोठ्यांच्या गटात झोपवतात, आणि तिथे ती सगळ्यांत लहान आणि एकटी पडते.

आम्हाला विचाराल तर तयारीची सगळ्यांत मोठी खूण एकच: ओळख नसलेल्या मोठ्या माणसाकडे जाऊन ती मदत मागू शकते का? "माझं पोट दुखतंय." "बाथरूमपर्यंत माझ्याबरोबर या, मला अंधाराची भीती वाटते." "माझी बाटली सापडत नाही." "ती मुलगी मला सारखी ढकलते." "टाच दुखतेय, मला आता पळायचं नाही." शिबिरातल्या बहुतेक अडचणी यांपैकी एक वाक्य वेळेवर बोललं तर अर्ध्या तासात मिटतात. न बोलल्या गेल्या तर वाढत जातात आणि दोन दिवसांनी तुम्हाला फोन येतो. यात मूल बडबडं की अबोल याने फरक पडत नाही. दिवसभर टकळी चालणारी मुलं दुखतंय हे सांगताना गप्प बसतात, आणि एखादं लाजरं मूल हळू आवाजात का होईना, बरोबर माणसाकडे जाऊन सांगतं. पाहायचं असेल तर येत्या दोन आठवड्यांत तिच्या वतीने बोलणं बंद करा. डॉक्टरांनी काय होतंय विचारलं तर उत्तर तिला देऊ द्या. सराव थांबवून पाणी प्यायचं असेल तर सरांना तिनेच विचारावं. वरची पाच वाक्यं घरी मोठ्याने म्हणवून घ्या. ऐकायला पोरकट वाटेल, पण तोंडाला वळण पडलेलं वाक्य घाबरल्यावरही बाहेर येतं.

दुसरी गोष्ट पालक विचारायला संकोचतात: शी. नवीन जागेचं संडास, बाहेर थांबलेली रांग, न लागणारी कडी, यामुळे मुलं शी दाबून धरतात. दुसऱ्या दिवशी पोट जड होतं, तिसऱ्या दिवशी जेवण जात नाही, पळताना पोटात कळ येते, आणि मग "मला घरी जायचंय" सुरू होतं. सगळे म्हणतात, घरची आठवण येतेय. खरं कारण पोटात असतं. साठलेल्या शीचा दाब मूत्राशयावर येतो, त्यामुळे रात्री शू होण्याचं प्रमाणही वाढतं. म्हणून शाळेत, नातेवाइकांकडे, मैदानावर ती संडास वापरते का हे बघा. वापरत नसेल तर नऊ आठवड्यांत सवय लावता येते: सकाळच्या खाण्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी, घाई न करता, रोज त्याच वेळी बसायचं. शिबिरातही हीच वेळ पाळायला सांगा.

आता अंथरुणातली शू. साडेआठव्या वर्षी महिन्यातून एक-दोनदा होणं यात लाजण्यासारखं काही नाही. सात वर्षांच्या शंभर मुलांमागे साधारण पाच ते दहा मुलांना हा त्रास असतो, त्यामुळे शिबिराच्या खोलीत ती एकटीच असेल असंही नाही. एवढ्यासाठी तिला घरी ठेवू नका. मात्र ती "होणार नाही" यावर विसंबून जाऊ नये. झाली तर काय करायचं हे तिला पाठ हवं. झोपायच्या पिशवीच्या (स्लीपिंग बॅगच्या) तळाशी रात्रीच्या कपड्यांचा जादा जोड, आतलं बाहेरून न दिसणारी एक पिशवी आणि छोटा टॉवेल ठेवा. जाग आली की कपडे बदलायचे, ओले कपडे त्या पिशवीत घालायचे, टॉवेल ओल्या जागेवर पसरायचा आणि झोपायचं. सकाळी ठरलेल्या एकाच ताईला सांगायचं. ती ताई कोण, हे तुम्ही शिबिरवाल्यांशी आधी बोलून ठेवायचं. घरी दिवा बंद करून हे दोन-तीनदा करवून घ्या. रात्रीची शोषक चड्डी चालणार असेल तर ती झोपायच्या पिशवीतच, आत शिरल्यावर घालायला शिकवा. कोणाला दिसत नाही.

काही डॉक्टर अशा थोड्या रात्रींपुरतं डेस्मोप्रेसिन देतात. हे औषध रात्री लघवी कमी बनवतं. घ्यायचं ठरलं तर बालरोगतज्ज्ञांना आत्ताच भेटा, म्हणजे घरी आधी दोन आठवडे घेऊन पाहता येईल. एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. गोळी घेण्याच्या एक तास आधीपासून पुढचे आठ तास पाणी अगदी मोजकं प्यायचं असतं, कारण शरीरात पाणी साठून रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. क्रीडा शिबिरात संध्याकाळी खेळून तहानलेलं मूल बाटलीच्या बाटली रिकामी करतं. तेव्हा ज्यांच्या हाती औषध असेल त्यांना हा नियम लिहून द्या. उलट्या, जुलाब किंवा ताप असेल त्या रात्री गोळी देऊ नये, हेही त्याच कागदावर असू द्या. आणि मुलीला बजावून सांगा की शूच्या भीतीने दिवसा पाणी कमी प्यायचं नाही. मुलं मनाशीच असा हिशेब करतात आणि उन्हात गळून जातात.

आजीकडच्या रात्रीचं काय? तिने फोन केला, बाबा आले, प्रश्न सुटला. त्यात बाबांचं काही चुकलं नाही, पण तिच्या मनात एवढं बसलं की करमेनासं झालं की फोन करायचा. करमत नसतानाही रात्र सरते आणि सकाळी बरं वाटतं, हा अनुभव तिला मिळालाच नाही. तो मिळाल्याशिवाय सात रात्री नकोत. म्हणून फॉर्मच्या मुदतीच्या आत आजीकडे पुन्हा एक रात्र ठेवा. या वेळी आधीच बोला: रडू येईल, येऊ दे, आजीला उठवायचं, पाणी प्यायचं, आजीजवळ पाच मिनिटं बसायचं आणि परत झोपायचं. आपण सकाळी नाश्त्यानंतर भेटू. फोन नाही. आजीलाही हे आधी पटवून ठेवा, नाहीतर नातीचे डोळे भरले की आजीच फोन लावतील. ती रात्र पार पडली तर पुढच्या आठवड्यात मैत्रिणीकडे एक रात्र. मग महिनाभरात कुठेतरी सलग दोन रात्री. दुसरी रात्र मुद्दाम हवी, कारण पहिल्या रात्री नवलाई असते, दुसऱ्या रात्री ती ओसरलेली असते आणि मूल दमलेलंही असतं. खरं काय ते तेव्हा कळतं.

निकाल कसा वाचायचा? रडली म्हणजे नापास नाही. रडली, झोपली, सकाळी खाल्लं आणि खेळायला गेली तर उत्तम. रात्रभर झोप नाही, खाणं बंद, उलट्या, आणि परत आल्यावर "पुन्हा नको" असं आठवडाभर चाललं तर यंदा नको. मधलं काही झालं तर अशीच एक रात्र आणखी घ्या.

"दिवसा हो, रात्री तू पण ये" हे मात्र मनावर घेऊ नका. इतक्या लहान मुलात दोन्ही भावना खऱ्या असतात. तिला विचारायचंच तर रात्री नको आणि सामना जिंकून आल्यावरही नको. एखाद्या निवांत सकाळी विचारा, आणि "नाही" म्हणायची मोकळीक खरंच द्या. बाबांना आमचं आग्रहाचं सांगणं आहे: ढकलून पाठवलं म्हणून मूल धीट होत नाही. आपल्याला पाठवून दिलंय असं वाटणाऱ्या मुलांना घरची आठवण जास्त छळते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २००७ च्या अहवालातही हे जोखमीचं कारण म्हणून नोंदलं आहे. मुलाला निर्णयात घ्या, आधी घराबाहेर राहायचा सराव द्या आणि "करमलं नाही तर लगेच न्यायला येऊ" असा वायदा करू नका, असंही तो अहवाल सांगतो.

या वायद्यावर थोडं थांबू, कारण प्रेमळ पालक नेमके इथेच अडकतात. "नाही आवडलं तर मी येईन" या वाक्यातून मुलाला ऐकू येतं की तुला जमेल असं आईलाही वाटत नाही. मग पहिल्याच हुंदक्याला ते त्या वायद्याकडे बघू लागतं आणि रमायचा प्रयत्न सोडून देतं. न्यायला गेलात तर हरल्याची भावना घेऊन येतं. नाही गेलात तर तुमचा शब्द खोटा ठरतो. त्याऐवजी असं सांगा: "पहिले दोन दिवस जड जातील. बहुतेक सगळ्यांना जातात. तेव्हा ताईंना सांग, मैत्रिणीजवळ बस, मी दिलेलं पत्र वाच. शनिवारी दुपारी आम्ही न्यायला येऊ." वार आणि वेळ नक्की सांगा. कॅलेंडरवर त्या सात रात्री तिच्या हाताने रंगवून घ्या, म्हणजे आठवडा म्हणजे किती हे तिला डोळ्यांनी दिसेल.

शिबिराचीही परीक्षा घ्या. फोनवर विचारा, आणि उत्तरं देताना कंटाळा किंवा चिडचिड जाणवली तर तेच उत्तर समजा. रात्री मुलींच्या खोलीत किंवा लगत कोण झोपतं? किती मुलांमागे एक मोठं माणूस? अमेरिकन कॅम्प असोसिएशनच्या मानकांनुसार निवासी शिबिरात सहा ते आठ वर्षांच्या सहा मुलांमागे एक आणि नऊ ते चौदा वर्षांच्या आठ मुलांमागे एक मोठी व्यक्ती हवी. कुठल्याही शिबिराला हा आकडा लावून पाहता येतो. आठ आणि चौदा वर्षांच्या मुली एका खोलीत झोपतात का? कुठलाही मोठा माणूस एका मुलाबरोबर बंद दाराआड एकटा राहणार नाही, असा लेखी नियम आहे का? आंघोळीला आडोसा आहे का? "रात्री रडणाऱ्या मुलाचं तुम्ही काय करता?" हा प्रश्न जरूर विचारा. चांगलं उत्तर तपशिलात येतं: कोण उठतं, कुठे बसवतं, पालकांना कधी कळवतं. "आमच्याकडे कोणी रडतच नाही" हे ऐकलंत तर फॉर्म भरू नका.

मग दिवसाचं वेळापत्रक मागा आणि पेन घेऊन बसा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते. रात्री साडेदहाला दिवे बंद आणि पहाटे साडेपाचला शिट्टी असेल तर सातच तास झाले. अशा झोपेवर तिसऱ्या दिवशी पाय वळतात, चिडचिड होते आणि दुखापतीही होतात. एरवी आठवड्यातले प्रशिक्षणाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत, असा क्रीडावैद्यकात ढोबळ नियम आहे, म्हणजे तुमच्या मुलीला आठ तास. कुठलंही शिबिर हा आकडा ओलांडणार, त्यामुळे मधली विश्रांती बघा. साडेआठ वर्षांच्या मुलीला दिवसातून दीड-दीड तासाची दोन सत्रं पुष्कळ झाली, दुपार सावलीत जावी आणि आठवड्यात निदान एक अर्धा दिवस चेंडूला सुट्टी असावी. ती सध्या आठवड्यातून दोनदा खेळत असेल तर एकदम रोज दोनदा ही फार मोठी उडी आहे. शेवटच्या तीन-चार आठवड्यांत एकेक सत्र वाढवत न्या.

उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. शिबिर उकाड्यात असेल तर आधीचे दोन आठवडे रोज थोडा वेळ बाहेर खेळू द्या, आणि शिबिरात पहिले दिवस हलके ठेवतात का हे विचारा. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांनी खेळताना दर वीस मिनिटांनी १०० ते २५० मिलिलिटर पाणी प्यावं असं सांगतात. तुमच्या मुलीसाठी खालचा आकडा धरा. बाटलीवर दर १०० मिलिलिटरला चिकटपट्टी लावा, म्हणजे एका थांब्याला कुठवर प्यायचं ते तिला कळेल. डोक्याला मार लागून मूल गोंधळलं, चक्कर आली, उलटी झाली तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवत नाहीत, हे शिबिरवाल्यांच्या तोंडून ऐका. "बघू, बरं वाटलं तर खेळेल" हे चालणार नाही.

तिची टाच मधूनमधून दुखते का, हेही आत्ताच पाहा. या वयात टाचेच्या हाडाचा वाढीचा भाग अजून पक्का झालेला नसतो, आणि खूप पळणाऱ्या मुलांत तिथे दुखणं सुरू होतं. टाच दोन्ही बाजूंनी दोन बोटांत हलके दाबा. कळवळली तर शिबिराआधी डॉक्टरांना दाखवा, कारण सात दिवसांच्या भारात ते नक्की वाढेल.

सामानाचं थोडक्यात. बूट नवे नकोत. घ्यायचेच असतील तर तीन आठवडे आधी घेऊन रोज तासभर वापरा. मोज्यांचे दिवसाला दोन जोड, कारण ओल्या मोज्याने फोड येतात. सगळ्यावर नाव घाला. पिशवी तिलाच भरू द्या, तुम्ही फक्त यादी वाचा. आईने भरलेल्या पिशवीतलं तिला काही सापडत नाही. घडी घातलेली छोटी आठ पत्रं लिहून ठेवा, रोज एक आणि एक जादा. त्यात "तुझ्यावाचून घर सुनं झालंय" असं लिहू नका. मूल तुमच्या काळजीत पडतं. सकाळच्या सामन्याबद्दल विचारा, एखादं कोडं घाला. शिबिरात रोज फोन करू देत नसतील तर ते बरंच आहे. आवाज ऐकला की शांत झालेलं मूलही पुन्हा रडायला लागतं.

आता निर्णय. आजीकडची रात्र पार पडली, मदत मागायची सवय दिसू लागली आणि शिबिराची उत्तरं पटली, तर फॉर्म भरा आणि पुढच्या रात्रींचा सराव चालू ठेवा. यातली एक जरी गोष्ट जमली नाही तर यंदा सात रात्री नकोत. आमचं स्वतःचं मत विचारलंत तर, दोन-तीन रात्रींचं शिबिर मिळत असेल तर तिच्यासाठी या वर्षी तेच घ्यावं. घराबाहेरची एकही रात्र पूर्ण न केलेल्या मुलीला पहिल्यांदाच सात म्हणजे फार होतात. नाही म्हणायचं ठरलं तर मैत्रिणी निघायच्या आत तिला कारण सांगा: "तू कमी पडलीस" असं नाही, "आपण आधी दोन रात्री करू" असं. आणि दिवसाचं शिबिर असेल तर त्यात घाला. खेळ तोच, झोप घरची.

गेलीच आणि शिबिरातून फोन आला तर आधी विचारा: जेवते का, झोपते का, खेळात उतरते का? तिन्ही होत असेल आणि मधूनच रडत असेल तर थांबा. सलग दोन दिवस जेवण-झोप दोन्ही गेलं असेल, किंवा कोणी मारलं, धमकावलं, नको तिथे हात लावला असं ती म्हणाली, तर क्षणभरही न थांबता निघा. दुसऱ्या प्रकारात वायदा, शिस्त, शिबिराचा नियम, काहीही आड येत नाही, आणि हे तिला जाण्यापूर्वी स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा.

परत आल्यावर दोन दिवस सरावाला पाठवू नका. तळपाय, टाचा, नखं बघा. आठवडाभर रात्री शू जास्त झाली किंवा ती तुमच्या अंथरुणात शिरली तर रागावू नका, ते आपोआप ओसरतं. दुखणं दोन आठवड्यांनंतरही राहिलं तर डॉक्टरांकडे न्या. आणि "मजा आली का?" असं विचारण्याऐवजी "तुझ्या शेजारी कोण झोपायचं?" असं विचारा.